बड्या खान्याचं बकरं

एकाहत्तर साली दसऱ्याच्या सुमारास आमची कंपनी पश्चिम सीमेवर गेली. मी तेव्हा नाईक होतो. माझ्या हाताखाली एक सेक्शन होता, माझ्यासह दहा माणसं. त्यांतला शिपाई बाबालाल मुलाणी माझ्याच गावचा. शाहूवाडी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं भाताचं गाव आहे. मीच त्याला कोल्हापूरला भरतीला नेला होता. त्याचे वडील दस्तगीरचाचा एस.टी.पर्यंत सोडायला आले होते. "दत्तू, तू हाईस म्हणून सोडतोय," एवढंच म्हणाले. मी मान हलवली.

गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मी बाबालालची हकीकत पाच-सहा वेळा सांगितली आहे. दरवेळी तीच सांगितली. ती खरी नव्हती. खरी इथं लिहितो.

आधी एक गोष्ट शहरातल्या वाचकांना सांगायला हवी. आमच्याकडे गावदेवीच्या जत्रेला घरटी बकरं पडतं. ते कापतो मुलाणी, म्हणजे गावचा मुसलमान बलुतेदार. देवी आमची, बकरं आमचं, सुरी त्याची. पहाटेपासून तो घरोघर फिरतो, पुटपुटत सुरी फिरवतो, आपला ठरलेला वाटा घेतो आणि पुढच्या दारात जातो. त्याच्या हातचं नसेल तर माझी आजी त्या मटणाला शिवायची नाही. हे का, असं कधी कुणी विचारलं नव्हतं. दस्तगीरचाचांच्या आधी त्यांचे वडील फिरायचे, त्यांच्या आधी आजा.

त्यामुळे फौजेत आलेल्या आमच्याकडच्या पोरांची पहिली पंचाईत लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, व्हायची. तिथं बकरं एका घावात तोडतात. त्याला झटका म्हणतात. माझ्या सेक्शनमधला लान्सनाईक सावळा पाटील राधानगरीकडचा. ट्रेनिंगला असताना पहिल्या रविवारी त्यानं ताट हातात धरून लंगर कमांडरला विचारलं होतं, "मुलाणी आलता न्हवं?" लंगर कमांडर पंजाबचा. त्याला वाटलं, पोरगं कुणा पाहुण्याची चौकशी करतंय. सावळानं त्या दिवशी डाळ खाल्ली. तिसऱ्या रविवारी मटण खाल्लं. आम्ही सगळ्यांनीच खाल्लं. भूक लागते.

बाबालालनं खाल्लं नाही. मटणाच्या दिवशी तो डाळ घ्यायचा, कडेला बसायचा आणि आमच्याआधी ताट घासून मोकळा व्हायचा. कधी कुरकुर केली नाही. पलटण मिश्र होती. एक प्लाटून आमच्या देशावरच्या पोरांची, बाकीच्या दोन उत्तरेकडच्या. अख्ख्या कंपनीत मुसलमान म्हणाल तर तो एकटा. सामानात तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक आखूड सुरी असायची. बापानं दिलेली. इन्स्पेक्शनच्या वेळी ती मी माझ्या ट्रंकेत ठेवायचो.

लढाई चौदा दिवस चालली. तिच्याबद्दल माझ्याहून जाणत्या लोकांनी लिहिलं आहे. आमच्या वाट्याला एक कालवा आला, त्याच्या बांधावरचे बंकर आले आणि रोजचा तोफांचा भडिमार. चौथ्या दिवशी गोळे नेमके आमच्या लंगरावर पडले. दोन नंबर प्लाटूनमधलं कुणीतरी म्हणालं की शत्रूला लंगराची जागा बरी कळली. एवढंच म्हणालं, आणि बाबालालकडे बघितलं.

आमची पोरंही मागं राहिली नाहीत. सावळाची जीभ तिखट होती. तो बाबालालला म्हणायचा, "बाबा, पल्याड तुझी मावशी दिली हाय काय रं? सांग की तिला, जरा बाजूला टाक म्हणावं." पोरं हसायची. बाबालालही हसायचा. एकदा उलटून म्हणाला, "मावशी न्हाय, तुझी सासू हाय तिकडं. म्हणून तर नेम चुकंना." त्यावर जास्त हसू झालं. मीही हसलो. नाईक म्हणून मी ते पहिल्या दिवशीच थांबवायला हवं होतं.

त्याहून वाईट काम मी स्वतः केलं. कालव्यापुढे लिसनिंग पोस्ट होती. दोन माणसांनी पुढं जाऊन पडून राहायचं आणि कान लावायचा. सगळ्यांचे नंबर लागायचे. मी बाबालालचा नंबर गाळला. वरून कुणी सांगितलं नव्हतं. उद्या काही झालं तर बोट त्याच्याकडे नको, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्यांदा गाळला तेव्हा तो माझ्याकडे आला.

"दत्तूदा, माझा नंबर चुकलाय काय?"

"चुकला न्हाय. तू जरा इसावा घे."

"बरं," म्हणाला. आपल्या बंकरकडे गेला. त्यानंतर तो हसायचा बंद झाला.

युद्धविराम झाला. आम्ही त्याच बांधावर राहिलो. आमच्यासमोर आमच्याच सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या इंजिनियर तुकडीनं, सुरुंग पेरून केलेलं माइनफील्ड होतं. पलीकडे एक ओस पडलेली वस्ती होती. माणसं निघून गेली होती, जनावरं मागं राहिली होती. माइनफील्डमधून पुढच्या चौकीला जायला एक सेफ लेन होती. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावलेली. फितीबाहेर पाय टाकायचा नाही, हा नियम होता.

कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवून दरबार घेतला. म्हणाले, लढाईत कंपनी एक होती, आता जेवणातही एक दिसली पाहिजे. चार दिवसांनी बडा खाना होईल. ऑफिसर, जवान, लंगरवाला, न्हावी, सगळे एका पंगतीला. त्यांनी मला विचारलं, "कोल्हापूरवाले रस्सा बनाएंगे?" मी हो म्हटलं आणि तिथंच माझ्या मनात बेत आला. बकरं बाबालालनं कापायचं. आमच्या गावात त्याच्या बापाच्या हातचं अख्खं गाव खातं, तसं इथं त्याच्या हातचं अख्खी कंपनी खाईल. एकदा खाल्लं की बोलणारी तोंडं बंद होतील. आणि मी गाळलेले दोन नंबर भरून निघतील.

मी दोन नंबर प्लाटूनच्या हवालदाराकडे गेलो. तीन दिवस त्याच्या मागं लागलो. शेवटी तो म्हणाला, "ठीक है नाईक, एक दिन तुम्हारे मुल्ले के हाथ का भी खा लेंगे. मगर बकरा तगड़ा होना चाहिए." रेशनमध्ये बकरी आली नव्हती. ट्रक दोन दिवस उशिरा होता.

बाबालालला सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटेना. "समदी खातील?"

"समदी. हवालदार बोललाय."

त्यानं सामानाच्या तळातून सुरी काढली आणि दुपारभर दगडावर घासत बसला. सावळा जवळ जाऊन म्हणाला, "बाबा, माझ्या मानंकडं बघू नगंस बरं का." बाबालाल म्हणाला, "तुझ्या मानंत काय मांस हाय? नुसती जीभच वजनाची." बऱ्याच दिवसांनी मी त्याला हसताना बघितलं.

बड्या खान्याच्या दिवशी सकाळी दहाला धुकं विरलं. सेफ लेनच्या डाव्या हाताला, फितीपासून पंधरा-सोळा पावलांवर, एक बकरं दिसलं. काळं, चांगलं वाढलेलं. वस्तीवरून चरत आलं असणार. तुटक्या काटेरी तारेत मागचा पाय अडकला होता. ओढून ओढून पाय फाटला होता. ते मान टाकायचं, परत उचलायचं.

इथं सिव्हिलियन वाचक विचारेल की माइनफील्डमध्ये ते जिवंत कसं. बकऱ्याचं वजन चार पायांवर वाटलेलं असतं. माणूस एका पायावर सगळं टाकतो.

सावळा म्हणाला, "देवीनंच धाडलं जणू." बाबालाल बांधावर उभा राहून निरखत होता. त्याची नजर बापासारखी होती. तो म्हणाला, "दत्तूदा, त्ये काय दुपारपातूर टिकत न्हाय. जीव हाय तवर सुरी फिराय पायजे. मेल्यावर मी हात लावणार न्हाय, आन कुणाला खाऊबी देणार न्हाय."

मी विचार केला. सॅपर्स माइन्स पेरत होते तेव्हा मी बांधावरून बघत होतो. डावीकडची सुरुंगांची पट्टी पलीकडून येऊन एका वाळक्या किकरीच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडापाशी संपली होती. बकरं झाडाच्या अलीकडे होतं. म्हणजे ती जागा मोकळी, असं मी धरलं. नक्की माहीत नव्हतं. माइनफील्डचा नकाशा कंपनी हेडक्वार्टरला होता. फील्ड टेलिफोन माझ्यापासून चार पावलांवर होता. उचलून विचारायचं होतं, एवढंच. पण बकऱ्यासाठी फितीबाहेर जायला परवानगी मिळाली नसती, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "तिकडं पट्टी न्हाय. मी बगितलंय. झाडाम्होरं जाऊ नगंस."

"मी जाऊ?" सावळानं विचारलं.

"तू जाऊन काय करणार? सुरी त्याची हाय."

बाबालाल रायफल सावळाकडे देऊन लेनमध्ये उतरला. फितीपाशी थांबला. मागं वळून माझ्याकडे बघितलं. मी हातानं, जा, अशी खूण केली. तो फीत ओलांडून नऊ पावलं चालला. मी मोजत होतो. नवव्या पावलाला सुरुंग फुटला. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

धूर खाली बसला तेव्हा तो डाव्या कुशीवर पडलेला दिसला. उजवा पाय घोट्यापासून नव्हता. दुसऱ्या पायाचंही काही खरं नव्हतं. तो ओरडला नाही. आधी त्यानं सुरी शोधली. हात फिरवून फिरवून मातीतनं ती उचलली.

मी टेलिफोन उचलला.

"अल्फा वन. एक जवान माइनवर. जिवंत आहे."

"कुठं?" मेजरसाहेबांचा आवाज.

"लेनच्या डावीकडं. किकरीच्या अलीकडं."

नकाशा उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ती पट्टी झाडाच्या अलीकडे वीस यार्ड वाढवली आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी. तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही सर."

"कुणी आत जाणार नाही. सॅपर पार्टी निघते आहे. कुणीही नाही. समजलं?"

"समजलं सर."

सॅपर्सचा तळ सहा मैलांवर होता.

मी खाली आलो तेव्हा सावळा बूट काढत होता. अनवाणी हलकं पाऊल पडेल, असं त्याला वाटलं असावं. मी त्याला पट्ट्याला धरून मागं ओढला. त्यानं माझ्या छातीत कोपर मारलं. दोघांनी त्याला खाली दाबला. तो मला शिव्या देत होता. त्या इथं लिहीत नाही. नाईक म्हणून मी ऑर्डर पाळली. त्याला फितीबाहेर पाठवायच्या वेळी मी नियम पाळला नव्हता. त्याला आणायच्या वेळी पाळला.

बाबालालनं पट्टा काढून मांडीला आवळायचा प्रयत्न केला. दोनदा हातातनं सुटला. मी फितीशी बसून त्याला सांगत होतो, "वर आवळ. आनि वर." तो ऐकत होता, पण जमत नव्हतं. त्यानं पाणी मागितलं. मी बाटली फेकली. ती त्याच्यापासून हातभर अलीकडे पडली. मी म्हणालो, "सरकू नगंस." दुसरी बाटली फेकली. ती पलीकडे गेली.

साडेदहानंतर तो कमी बोलायला लागला. एकदा म्हणाला, "दत्तूदा, बकरं हाय न्हवं?"

"हाय."

"त्याला तरी सोडवा की."

मग त्यानं सुरीचा हात थोडा वर केला आणि बापाला हाक मारली. मला नाही, सावळाला नाही. सावळा बांधावर पालथा पडून होता. त्याचं तोंड मातीत होतं.

अकरा वाजून दोन मिनिटांनी तो गेला. सॅपर पार्टी अकरा वीसला आली.

दुपारी दोनच्या सुमारास, आम्ही त्याला ट्रकमध्ये ठेवून परत आलो तेव्हा, ते बकरं बांधावर उभं होतं. स्फोटानं तार सैल झाली असणार. तीन पायांवर लंगडत, सगळं माइनफील्ड ओलांडून, ते आपल्या पायानं आमच्याकडे आलं होतं.

बडा खाना चार दिवस पुढं गेला. लंगरवाल्यानं ते बकरं एका घावात तोडलं. आम्ही एका पंगतीला बसलो. दोन नंबरचा हवालदार माझ्या शेजारी होता. मेजरसाहेब बाबालालबद्दल चार शब्द बोलले. रस्सा आमच्याच पोरांनी केला होता, तिखट झाला होता, लोकांनी मागून मागून घेतला. मीही खाल्लं. सावळानं ताट पालथं घातलं आणि उठून गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं की शिपाई मुलाणी तार दुरुस्तीच्या कामावर होता. सेक्शननं तेच सांगितलं. सावळानंही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "तुमी मला धरलंसा त्ये बरं केलंसा का वाईट, मला कळत न्हाय. पर आता माझ्याशी बोलू नगासा." नंतर सहा वर्षं आम्ही एकाच पलटणीत होतो. तो बोलला नाही.

रजेवर आलो तेव्हा बाबालालचं सामान घेऊन दस्तगीरचाचांच्या घरी गेलो. त्यांनी फडकं सोडून सुरी बाहेर काढली. धारेवरून अंगठा फिरवला. मग एकच प्रश्न विचारला.

"किती येळ लागला त्याला?"

"लगीच गेला, चाचा. कळलंसुदीक न्हाय."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं. जीव तरफडू ने." त्या वर्षापासून जत्रेत ते तीच सुरी वापरायला लागले.

अठ्ठ्याहत्तर साली मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गावी आलो. पहिल्याच जत्रेला चाचा आमच्या दारात आले. ती सुरी मी ओळखली. दुपारी ताटात वाढलेलं मटण माझ्या घशाखाली उतरलं नाही. पोटाचं दुखणं आहे, असं घरी सांगितलं. पुढच्या वर्षीही तेच. सात वर्षं मी जत्रेचं मटण खाल्लं नाही. मला वाटलं, हे माझं प्रायश्चित्त आहे आणि ते माझ्यापुरतं आहे.

गावात काहीच आपल्यापुरतं नसतं. आमच्या भावकीतला विलास कबनूरला यंत्रमागावर कामाला होता. जत्रेला यायचा तेव्हा नवे नवे विचार घेऊन यायचा. पंच्याऐंशी साली जत्रेच्या आठ दिवस आधी सकाळी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. विलास म्हणाला, देवीचं बकरं मुलाण्यानं कापायचं हे कुठल्या पोथीत आहे? तालुक्याहून आपला माणूस आणू. म्हातारी माणसं नको म्हणाली. चालत आलंय ते चालू दे, म्हणाली. तेव्हा विलासनं माझ्याकडे हात केला.

"फौजी तात्या सात वरसं मुलाण्याच्या हातचं खात न्हाईत. का खात न्हाईत? बारडरवर मुसलमान बगून आलेला माणूस हाय त्यो. त्यास्नी काय तरी ठावं आसंलच की."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. दस्तगीरचाचा ओट्याखाली उभे होते. सत्तरी उलटली होती. ते म्हणाले, "दत्तू, माझ्या हाताचं काय वंगाळ हाय काय? हाय तर सांग. मी सुरी ठेवतो."

मला फक्त खरं बोलायचं होतं. माझ्याकडे पुरेसा वेळ होता आणि कुणी मला धरलं नव्हतं.

"पोटाचं हाय, चाचा," मी म्हणालो.

"सात वरसं दुखणारं प्वाट," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. माझं न खाणं, हाच पुरावा ठरला. तालुक्याहून माणूस आणायचं ठरलं.

त्याच दिवशी दुपारी मी चाचांच्या घरी गेलो. ते उंबऱ्यात बसले होते. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. गाळलेले नंबर, टेलिफोन, नऊ पावलं, पाण्याच्या बाटल्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"बकरं कुणी कापलं?"

"लंगरवाल्यानं. झटक्यानं."

"तू खाल्लंस?"

"व्हय."

"बाबाला किती येळ लागला?"

"पन्नास मिन्टं."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "साठ वरसं सुरी धरली मी," ते म्हणाले. "एका जित्राबाला एवढा येळ लागू दिला न्हाय."

मी म्हणालो, "चला चाचा, आत्ता ओट्यावर जाऊ. समद्यांम्होरं सांगतो."

"सकाळी सांगायचं हुतंस. आता सांगितलंस तर लोक म्हंतील, मुलाण्यानं पोराच्या मढ्यावर मान मागितला. ऊठ. घरला जा."

त्या जत्रेला तालुक्याहून एक माणूस मोटारसायकलवर आला आणि दुपारपर्यंत गाव उरकून गेला. आमच्या घरी मी बकरं पाडू दिलं नाही. दस्तगीरचाचा दिवसभर उंबऱ्यात बसून होते. गल्लीतनं जाणारी माणसं त्यांच्या दाराशी आली की झपाझप पाय उचलत होती.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी माती द्यायला गेलो. त्यानंतरच्या बैठकीत मी ओट्यावर उभा राहून सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. दोन म्हाताऱ्या रडल्या. विलास म्हणाला, "तात्या, झालं गेलं. आता ते कशाला उकरायचं?" मोटारसायकलवाला त्या वर्षीही आला. अजून येतो.

शाळेच्या आवारात बाबालालच्या नावाचा दगड आहे. तार दुरुस्तीचं कर्तव्य बजावताना, असं त्यावर कोरलं आहे. ते मीच सांगितलेलं आहे. तो दगड बदलणं माझ्या हातात नाही, म्हणून इथं लिहितो. शिपाई बाबालाल दस्तगीर मुलाणी, वय एकवीस. सगळ्यांनी एकदा त्याच्या हातचं खावं म्हणून त्याच्या नाईकानं त्याला फितीबाहेर पाठवलं. तो नऊ पावलं चालला. अकरा वाजून दोन मिनिटांपर्यंत तो जिवंत होता, आणि आम्ही सगळे बांधावर होतो.